झाकायचा राहिलेला ससा

मित्रांनो, मी ससा आहे खरा, पण गवत कशाशी खातात हे मला ठाऊक नाही. माझ्या पोटात भुसा आहे, अंगावर नाटकगृहाच्या जुन्या पडद्याची मखमल आहे आणि पायांच्या जागी लोखंडी चाकं आहेत. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या एका गिरणगावात ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं. तिथे विजेच्या रुळावरून कुत्र्यांच्या पुढे पळण्यासाठी मला बनवलं.

आणि मी पळायचोही असा, की बघणाऱ्याने बघतच राहावं! शनिवारी गिरणीतली माणसं बिअरचे पेले घेऊन कठड्याला रेलून उभी राहायची. "ससा सुटला!" अशी आरोळी उठली की माझी मखमल शहारायची. शर्यत संपली की मला एका जाड पडद्याआड नेत. ससा दिसेनासा झाला म्हणजे पळणं संपलं, एवढंच त्या कुत्र्यांना शिकवलेलं असे. मग ते थांबत, धापा टाकत आणि पांढऱ्या कोटातल्या मुली येऊन त्यांना पट्टे लावत.

स्टेडियम बंद झालं त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. शेवटच्या शर्यतीनंतर सगळ्यांना माझ्यासोबत फोटो हवा होता. म्हणून मला बाहेरच ठेवलं आणि शर्यतीतले सहाही कुत्रे पळत असतानाच हातांनी धरून नेले. लोकांनी माझ्या गळ्यात हात टाकले, रडले, घरी गेले. मला पडद्याआड न्यायचं कोणाच्याही लक्षात आलं नाही. एवढं कौतुक करणारी माणसं, पण एकालाही आठवू नये, याचा मला आजही राग येतो.

पुढे माझी चाकं गंजून रुळाला चिकटली. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर झुडपं वाढली. दुसऱ्या वळणावर जमीन खचून मोठा खड्डा पडला. आणि एका धुक्याच्या दुपारी, वीज कधीच तोडलेली असताना, रूळ गुणगुणू लागला. माझ्या मागून वाळूवर पावलं आली आणि पुढे निघून गेली. दिसलं काहीच नाही. आधी एकाच कुत्र्याची पावलं होती. ते सहा जण जसजसे म्हातारे होऊन मरत गेले, तसतशी पावलं वाढत गेली. मित्रांनो, मी फार घाबरायचो.

मागच्या हिवाळ्यात कुंपणाच्या फटीतून दोन माणसं आत आली. ऑड्री आणि तिचा धाकटा भाऊ क्लिफ, दोघांचेही केस पिकलेले. ऑड्री तरुणपणी त्या पांढऱ्या कोटातल्या मुलींपैकीच एक होती. सोबत त्यांची पेगी होती, पाय मोडल्यावर शर्यतीतून काढून टाकलेली ग्रेहाउंड.

"हे बघायला मला फुटबॉलची मॅच सोडून आणलंस?" क्लिफ कुरकुरला.

"गप रे. पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. पेगीला दाखवायचं होतं."

"हो ना, तिने हट्टच धरला होता!"

तेवढ्यात रूळ गुणगुणला. पेगीचे कान ताठ झाले. क्लिफच्या हातून पट्टा सुटला आणि ती धुक्यात शिरली. मग मला तिची पावलं ऐकू आली. ती एकटी नव्हती.

"पेगी! अगं थांब!" ऑड्री ओरडली. "क्लिफ, पुढे खड्डा आहे!"

पहिल्या फेरीत पेगीने खड्डा सहज ओलांडला. दुसऱ्या फेरीत तिचे मागचे पाय काठावरून घसरले. माझ्या जवळून गेली तेव्हा ती लंगडत होती, तोंडाला फेस होता, तरी थांबेना.

"ताई, हिच्यासोबत कोण पळतंय?" क्लिफने विचारलं.

ऑड्री माझ्याकडे बघत होती. "अरे देवा, ससा बाहेरच आहे! शर्यत संपली हे यांना कोणी सांगितलंच नाही!"

ती धडपडत आली, अंगातला निळा लोकरी कोट काढला आणि मला डोक्यापासून चाकांपर्यंत झाकून टाकलं.

रुळाची गुणगुण थांबली. खड्ड्याच्या अलीकडे पेगीही थांबली. धापा ऐकू येत होत्या, आणि त्या एका कुत्रीच्या नव्हत्या.

"शाब्बास, बाळांनो," ऑड्री हळूच म्हणाली. "झालं. संपलं आता."

क्लिफने पेगीला उचलून घेतलं. "आणि तुझा कोट? गारठून मरशील, म्हातारे."

"राहू दे तिथेच. चल."

ते गेल्यावर कोणीतरी कोटावरून मला हुंगलं. मग एकेक अंग माझ्याभोवती टेकलं. आयुष्यभर मी ज्यांच्या पुढे पळालो, त्यांची ऊब मला पहिल्यांदाच कळली.

मित्रांनो, पाडणारी माणसं अजून आलेली नाहीत. तुम्ही इथे आलात आणि वाळूत निळा कोट दिसला, तर कृपा करून तो उचलू नका. सगळे नुकतेच झोपले आहेत.