न खोडलेलं नाव

चौकात जमालभाईचं गॅरेज. पण लोक त्याला पंक्चरपेक्षा रक्तासाठी जास्त ओळखायचे. दवाखान्यातनं निरोप आला की हातातला पाना टाकायचा, रक्तदात्यांची वही उघडायची आणि फोन लावत सुटायचं. वीस वर्षं, तो आणि गावातल्या मंडळाची चार माणसं, सगळं फुकट. वहीचा नियम एकच. माणूस मेला नायतर गाव सोडून गेला, तरच नाव खोडायचं.

यंदा कॉलेजातली पोरं आली. समाजाचं काम करा, मार्क घ्या, असं काहीतरी होतं त्यांचं. सुरभी त्यांची म्होरकी. पोरगी कामाला वाघ. महिनाभर गॅरेजातल्या स्टुलावर बसून तिनं अख्खी वही मोबाइलात चढवली.

"काका, आता नुसता रक्तगट दाबायचा. नावं समोर."

"आन चा कुठं दाबायचा?"

"चहा तुम्ही पाजायचा!"

जमालभाई असा खूश, की वही घरी कपाटात गेली. गिऱ्हाईक टायर दाखवायला यायचं आणि हा त्याला मोबाइल दाखवत बसायचा.

मग एका सकाळी दहिवलीच्या सोनाबाईचा फोन. सून नम्रता बाळंत झालेली. बाळ बरं, पण तिचं रक्त थांबंना. ओ निगेटिव पायजे, आत्ताच्या आत्ता. जमालभाईनं दाबलं. चार नावं. एक पुण्याला, एकाला कावीळ, दोघांचे फोन बंद.

त्याला धनेश आठवला. नाय आठवला असं नाय. वरच्या वाडीतला धनेश, ओ निगेटिव, दोनदा रक्त देऊन गेलेला. पण मोबाइलात नाव नव्हतं. जमालभाईच्या मनात आलं, नाव नाय म्हंजे पोरांनी चौकशी करून खोडलं असंल. गेला असंल लांब कुठं कामाला. आणि त्यानं पनवेलच्या रक्तपेढीकडं गाडी हाणली.

पिशवी घेऊन येईस्तोवर नम्रता गेली होती.

चौथ्या दिवशी धनेश गॅरेजात उभा.

"भाई, मला का नाय बोलावलंत? मी तर त्या दिवशी हितंच होतो. समोरच्या ढाब्यावर, भांडी घासत."

जमालभाईनं सुरभीला बोलावून घेतलं. तिनं मोबाइलातली नावं तपासली. वाडीतल्या आठ जणांचा नंबर एकच, तिथल्या दुकानदाराचा. निरोप तोच पोचवायचा. मशीनला वाटलं, एक नंबर म्हंजे एक माणूस. पहिलं नाव ठेवलं, सात उडवली.

"मीच तसं लावलं होतं, काका. मला काय माहीत..."

"गप गं. मला तर माहीत होतं ना? एक फोन लावून बघितला नाय मी."

दोघं तसेच गाडीवरनं दहिवलीला गेले. सोनाबाई ओट्यावर बसली होती.

"ये रं जमाल. लय धावलास तू. कोन करतं इतकं?"

जमालभाई बसला नाय. उभ्या उभ्यानंच सगळं सांगितलं. सुरभी मागं रडत होती.

सोनाबाईनं इचारलं, "म्हंजे वाचली असती?"

"असती, बहुतेक."

आत बाळ रडायला लागलं. ती उठली, त्याला घेऊन बाहेर आली, खांद्यावर थोपटत राहिली.

"दुधाच्या पावडरचा डबा संपलाय. तेवढा आणून दे. आन ह्या पोरीला पानी पाज आधी."

जमालभाई दुकानावर गेला. दुकानदारानं इचारलं, "बाळ किती दिवसांचं?"

जमालभाईला बोटं मोजायची गरज नव्हती. तरी त्यानं मोजली.

"चार," तो म्हणाला.