शाईच्या डागाचा स्कर्ट

"श्वास रोखू नकोस गं. टेप काय चावते का?"

"मी कुठे रोखलाय," गोटी श्वास रोखूनच म्हणाली.

गोटी माझी भाची. वय वर्षं अकरा. हे नाव मीच ठेवलेलं, ती रांगत होती तेव्हा. माझ्या तावडीतून कुणी सुटत नाही. तिच्या बापाला मी 'सायलेन्सर' म्हणतो, कारण ताई बोलत असली की त्याचा आवाज येत नाही. शिंपी माणूस मी. दिवसभर लोकांच्या पोटांना टेप गुंडाळायची आणि वर तोंड गंभीर ठेवायचं, हे काय माणसाचं काम आहे?

टेप बत्तीसवर थांबली. मी मोठ्याने म्हटलं, "अठ्ठावीस. आहे तेवढंच." आणि मापवहीत बत्तीस लिहिलं. माणसांना कितीही थापा मारा, वहीत खरंच लिहावं लागतं. नाहीतर कापड वाया जातं.

ही थाप दीड वर्षाची. तेव्हा गोटीच्या शाळेच्या स्कर्टचा हूक लागेना. दोन दिवस शाळेत गेली नाही. दुकानात पडद्यामागे उभी राहून रडत होती. आवाज नाही, नुसता पडदा हलत होता. ताई बाहेरून म्हणाली, "खा अजून." पडदा हलायचा थांबला. ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, "पोरीला कशाला बोलतेस? कापड आटलंय. तागाच तसला निघाला."

तेव्हापासून दर महिन्याला 'हूक घट्ट करतो' म्हणून स्कर्ट मागवून घ्यायचो. शिवणीच्या आत जादा कापड सोडलेलं असतं, त्याला माया म्हणतात. त्यातलं थोडं बाहेर काढायचो आणि जुन्या टाक्यांच्या खुणांवर ओलं फडकं टाकून इस्त्री मारायचो. माया संपली तेव्हा त्याच ताग्यातून नवा, मोठा स्कर्ट शिवला. सहा वेळा धुतला, उन्हात विटवला. जुन्याच्या खिशाखाली शाईचा डाग होता, करंगळीच्या नखाएवढा. तो कापसाच्या बोळ्याने नव्यावर तसाच्या तसा उतरवला. अगदी हुबेहूब. त्या दिवशी दुकानात मी एकटाच हसत बसलो होतो. इतकी सफाईदार लबाडी मी जन्मात केली नव्हती.

"मान खाली घाल," मी म्हटलं. "कॉलर बघतो. आणि हे काय? आंघोळ करतेस की पाण्याला नुसती ओळख दाखवून येतेस?"

मानेवर मागून काळपट पट्टा होता.

"रोज घासते मामा. आई पण घासते. जातच नाही."

मी ओलं फडकं फिरवलं. फडकं स्वच्छ राहिलं. मग बोट फिरवलं. कातडी जाडसर लागली, मखमलीसारखी. बोटाला कापड कळतं, तसं ते कळलं, आणि माझा हात तिथेच राहिला.

हा पट्टा मी आधी पाहिला होता. बाबांच्या मानेवर. तेव्हाही मी विनोद केला होता, "बाबा, कॉलर कातडीलाच शिवलीत की काय?" सगळे हसले होते, बाबासुद्धा. काही वर्षांनी त्यांना सारखी तहान लागायला लागली. मग पायाच्या अंगठ्याला पायडलने जखम झाली. साधीच, तांदळाच्या दाण्याएवढी. तीन महिन्यांनी गुडघ्याखाली पाय नव्हता. त्यांचंच मशीन मी चालवतो. पायडलवर उजव्या बाजूला त्यांच्या टाचेने खड्डा पाडलाय. रोज माझा पाय त्यात बसतो.

"काय झालं मामा?"

"काही नाही. जा, घरी जा."

ती गेली. मी दोरा ओवायला घेतला तर सुईचं भोक सापडेना.

*

मुलांच्या डॉक्टरकडे नेऊन मान दाखव, म्हणून मी ताईच्या मागे लागलो. ती म्हणाली, "तूही चल. तू असलास की ती जरा हसते." गेलो. मापवही पिशवीत टाकली. का टाकली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

डॉक्टरबाईंनी गोटीचं वजन केलं, उंची घेतली, मान पाहिली आणि पेन खाली ठेवलं. बाई शांतपणे बोलत होत्या. मला शांत डॉक्टरांची भीती वाटते. बाबांचा डॉक्टरही शांतच होता.

"वजन बरंच जास्त आहे. कधीपासून वाढतंय? गेल्या वर्षीची काही नोंद?"

"नाही हो," ताई म्हणाली. "शाळेत तपासणी असली की हिचं नेमकं पोट दुखतं. पण वर्षभरात वाढलेलं नाही. हा स्कर्ट बघा ना, दोन वर्षांपूर्वीचा. हा शाईचा डाग पहिल्याच आठवड्यात पाडलान् हिने. अजून होतोय."

बाईंनी वाकून डाग पाहिला. "असं असेल तर बरंय. म्हणजे उंची वाढतेय आणि कंबर तेवढीच. मग घाई नको. तीन महिन्यांनी पुन्हा या, तेव्हा रक्त तपासू."

गोटीला सुईची भयंकर भीती. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. डोळा मारायला तिला मीच शिकवलंय.

तीन महिने. माझ्या डोळ्यांसमोर तो तांदळाचा दाणा आला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तो डाग मी पाडलाय."

ताई हसली. गोटी हसली. बाईपण थोड्या हसल्या.

"याच्याकडे लक्ष देऊ नका," ताई म्हणाली. "हा स्मशानातपण विनोद करेल."

आयुष्यभर कमावलेलं नाव माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. खरं बोललो तर लोक हसत होते. मग मी पिशवीतून मापवही काढली आणि गोटीचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

बाई वाचायला लागल्या. अठ्ठावीस. सव्वाअठ्ठावीस. साडेअठ्ठावीस. त्यांचं बोट पानावरून खाली खाली चाललं होतं. बत्तीसवर बोट थांबलं.

"हा स्कर्ट दुसरा आहे," मी म्हटलं. "पहिला माझ्या दुकानात फळीवर आहे."

ताई म्हणाली, "अरे, काय बोलतोयस तू?" पण तिला कळलं होतं.

गोटी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती मान खाली घालून अंगठ्याने स्कर्टवरचा डाग घासत राहिली.

"रक्त आजच देऊन जा," बाई म्हणाल्या.

सुई टोचताना तिने माझा हात धरला नाही. ताईचा धरला.

*

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. त्या दोन दिवसांत मी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. माझी गंमत समजून तो हसला.

"काठावर आहे," बाई म्हणाल्या. "अजून मधुमेह नाही. वेळेवर आलात. हिचं वजन आता घाईने घटवायचं नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. उंची आपली वाढत राहील. उपाशी ठेवायचं नाही, टोचून बोलायचं नाही. गोड पेयांच्या बाटल्या बंद, पण हिच्या एकटीच्या नाही, सगळ्या घराच्या. चालायचं तेही सगळ्यांनी." मग वही बघून त्यांनी विचारलं, "आणि या पानावर 'गोटी' लिहिलंय, असं कोण म्हणतं हिला?"

मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

त्या दिवसापासून मी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो. पहिल्यांदा मारली तेव्हा तिने मागे वळून पाहिलंच नाही. माझ्या आवाजात ते नाव तिने कधी ऐकलेलंच नव्हतं.

संध्याकाळी आता ते तिघं माझ्या दुकानावरून चालत जातात. ताईला दम लागतो, त्यामुळे सायलेन्सर बोलतो. एरवी मी यावर महिनाभर हसलो असतो. आता माझी नजर पोरीच्या मानेवर जाते. पट्टा आहे अजून. जायला वेळ लागतो, म्हणे.

काल, चार महिन्यांनी, ती एकटी दुकानात आली. दप्तर खाली ठेवलं.

"माप घ्यायचंय. टेप मी धरणार."

तिने स्वतःच टेप गुंडाळली. श्वास नेहमीसारखा चालू ठेवला. आकडा स्वतः वाचला, दोनदा वाचला.

"बत्तीस."

मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मी उंची घेतली. सव्वा इंच वाढली होती. मी टेप तिच्यापुढे धरली, तिने वाकून खात्री केली, मग म्हणाली, "लिही." मी लिहिलं. लिहिलेलंही तिने तपासलं.

"पुढच्या आठवड्यात परत रक्त आहे," ती म्हणाली.

"माहितेय."

"तुला भीती वाटते?"

"वाटते."

"मलापण." ती दप्तरातून तोच डागाचा स्कर्ट काढून म्हणाली, "आखूड झालाय. खालून उसव. माझ्यासमोर."

मी तिच्यासमोर खालची दुमड उसवली, लांबी सोडली, टाके घातले. कमरेला हात लावला नाही. झाल्यावर तिने सुई मागितली, फळीवरचं लाल दोऱ्याचं रीळ घेतलं आणि कमरेच्या शिवणीवर आडवा टाका घातला. वाकडातिकडा, वर गाठ.

"हा उसवलेला दिसला तर मला कळेल."

मग तिने मान वर केली. "तू असाच दुसरापण घालू शकतोस ना?"

"शकतो," मी म्हटलं. "घालणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. गिऱ्हाईक कापड उजेडात धरून बघतं ना, तसं. मग स्कर्टची घडी केली, दप्तर उचललं, आणि लाल दोऱ्याचं रीळ त्यात टाकून निघून गेली.

मी ते परत मागितलं नाही.