पान बारा

फ्लेविया टीचरचं डोकं सकाळपासून तडकलं होतं. दहिसरच्या त्या खाजगी शाळेला जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिसरीच्या तिच्या वर्गात एकवीस मुलं, आणि त्यातल्या नऊ जणांना जोडाक्षर सोडाच, साधं ‘कमळ’सुद्धा वाचता येत नव्हतं. हे तिने जूनमध्येच डायरेक्टर श्रुतिका मॅडमच्या कानावर घातलं होतं. मॅडमनी वाचनाचा जादा तास द्यायचा सोडून डिसेंबरात ‘वाचन सोहळा’ काढला.

सोहळा म्हणजे काय, तर प्रत्येक मुलाने पालकांसमोर पुस्तकाचं बारावं पान मोठ्याने वाचायचं. तीन आठवडे रोज तेच पान, कोंबड्याची गोष्ट. पोरं झोपेतही बडबडतील इतकी घोटून घेतली. कुठल्या शब्दाला बोट खालच्या ओळीवर न्यायचं तेसुद्धा शिकवलं. शिकवलं कोणी? फ्लेवियानेच. नवऱ्याचं काम सुटलेलं, तिला नोकरी टिकवायची होती.

जुनी पुस्तकं फोटोत मळकी दिसतील म्हणून मॅडमनी कोरी मागवली होती. सोहळ्याच्या सकाळी फ्लेवियाने गठ्ठा फोडून एक पुस्तक उघडलं आणि बारावं पान काढलं. पुस्तक नव्या आवृत्तीचं होतं. कोंबड्याची गोष्टच त्यातून काढून टाकली होती. बाराव्या पानावर होडी होती.

ती धावत केबिनमध्ये गेली. “मॅडम, धडाच बदललाय. जुनी पुस्तकं देऊ या ना.”

“अगं, पुस्तकात कोण बघतंय?” मॅडम ओढणी सारखी करत म्हणाल्या. “पालक मोबाईल धरून पोरांची तोंडं शूट करतात. म्हणू दे ना त्यांना कोंबडा. आज ॲडमिशनचे फॉर्म सुटतायत, यार. वाट लावू नकोस.”

हातातलं पुस्तक हिच्या टेबलावर आपटावं असं फ्लेवियाला वाटलं. आपटलं नाही. निमूट जाऊन वर्गात पुस्तकं वाटली.

चार मुलं होडी समोर धरून कोंबडा म्हणून गेली. टाळ्या पडल्या, मोबाईल चमकले. एकाही आईबापाला काही खटकलं नाही. पाचवी प्रांजल. तिचा बाप गुणाजी, कणकवलीकडचा, रिक्षा चालवणारा. त्याने मोबाईल खिशातच ठेवला आणि लेकीच्या शेजारी मांडी घालून पुस्तकात डोकं घातलं.

“लाल तुऱ्याचा कोंबडा उडाला, कौलावर जाऊन बसला…” प्रांजल खणखणीत म्हणाली.

गुणाजीने ओळीवर बोट फिरवलं. मग थांबला. “बाय, कोंबडो खंय हा गो हयसर?”

प्रांजलने बापाकडे पाहिलं, टीचरकडे पाहिलं, आणि पहिल्या शब्दापासून तेच पुन्हा सुरू केलं, आणखी मोठ्याने.

गुणाजीने पंजाने होडीचं चित्र झाकलं आणि खालच्या मोठ्या शब्दावर बोट ठेवलं. “ह्यो एकच शब्द वाच.”

प्रांजलने बराच वेळ त्या शब्दाकडे पाहिलं.

“कोंबडा,” ती म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. श्रुतिका मॅडम लगबगीने पुढे आल्या. “मुलगी घाबरलीय हो. फ्लेविया टीचर, तुमची तयारीच कमी पडली.”

“माझी तयारी?” फ्लेवियाचा आवाज छताला लागला. “तीन आठवडे दुसरं काय केलं आम्ही? या वर्गात नऊ मुलांना वाचता येत नाही, मॅडम! जूनमध्ये सांगितलं तुम्हाला! शिकवायला वेळ मागितला, तुम्ही मला नाटक बसवायला लावलंत!”

इतक्या महिन्यांनी खरं बोलल्यामुळे फ्लेवियाला मोकळं वाटलं. आता नोकरी गेली तरी बेहत्तर.

गुणाजी मात्र मॅडमकडे बघतच नव्हता. त्याने पिशवीतून प्रांजलचं प्रगतिपुस्तक काढलं आणि फ्लेवियासमोर धरलं. “टीचर, हयसर ‘वाचन उत्तम’ कोणी लिवल्यान?”

दिवाळीआधी लिहिलेलं ते अक्षर तिचं होतं. खाली सहीही तिचीच.

“मी,” ती म्हणाली.

“मी ह्यां बघून पेढे वाटलंय हो,” गुणाजी म्हणाला. मग त्याने तिच्याकडे पाठ फिरवली, लेकीला मांडीवर घेतलं आणि तिचं बोट पुस्तकातल्या त्या मोठ्या शब्दावर ठेवलं. “हो,” तो म्हणाला. “म्हण बाय. हो… डी.”