गरम असेपर्यंत

मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. एक जेवण. बसून, गरमागरम, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत. समुद्र नको, रात्रीचं नाचगाणं नको, बेटावरची पांढरी वाळू तर मुळीच नको. माझ्या नवऱ्याला, हार्लनला, अर्धांगाचा झटका आला त्याला चौदा महिने झाले होते आणि त्या चौदा महिन्यांत मी गरम जेवले नव्हते. त्याचं कापायचं, कुस्करायचं, भरवायचं, हनुवटी पुसायची, तोवर माझी ताटली गार. मग ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची, आणि ती आत फिरत असताना नेमकं त्याला पाणी हवं असायचं. दुसऱ्यांदा तापवलेलं मांस कसं लागतं ते मला विचारा. चप्पल बरी.

उजवी बाजू गेलेली. डाव्या हाताने चमचा धरायचा, पण तो तोंडापर्यंत येईतो अर्धं शर्टावर. एकदा चर्चच्या जेवणावळीत सगळ्यांसमोर मका सांडला, तेव्हापासून त्याने चमच्याला हात लावला नाही. पस्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून तारा जोडणारा माणूस तो. वादळात आमचं सगळं लफ्किन गाव अंधारात बसलेलं असायचं आणि हा वर लटकलेला. आता त्याच्याकडे तीनच शब्द उरलेत: ‘नको’, ‘बरं’ आणि ‘च्यायला’. तिसरा सगळ्यात स्पष्ट येतो.

ही जहाजाची टूम ग्लेंडाची. ग्लेंडा म्हणजे माझी नणंद, हार्लनहून चार वर्षांनी लहान, केस अजून लाल ठेवते. ‘‘नेल्डा, तू पार झिजलीस,’’ ती म्हणाली. ‘‘गॅल्व्हस्टन बंदरातून पाच दिवसांचं जहाज आहे. मी येते ना मदतीला!’’ गाडी तीच चालवत होती. वाटेत मी तिला सांगितलं, मला बाकी काही नको, पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण तेवढं तू त्याला भरव.

‘‘एवढंच? अगं, रोज भरवीन!’’

‘‘रोज नको. एकदा.’’

‘‘वचन,’’ ती म्हणाली आणि स्टिअरिंगवरचा एक हात छातीवर ठेवला. मागच्या सीटवर हार्लन खिडकीला डोकं टेकून बसला होता. मला वाटलं झोपलाय.

जहाजावर चढेपर्यंत साडेबारा झाले. खोल्या दीडशिवाय मिळणार नव्हत्या, म्हणून हातातल्या पिशव्या हार्लनच्या चाकांच्या खुर्चीच्या दांड्यांना अडकवल्या आणि त्याच्या औषधांची पिशवी माझ्या गळ्यात. माझ्या पोटात कावळे कोकलत होते. सगळी गर्दी मेंढरांसारखी वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे निघाली होती आणि मीही खुर्ची तिकडेच वळवली.

‘‘थांब थांब,’’ ग्लेंडाने फोन काढला. फोनवर तिच्या क्रूझवाल्या मैत्रिणींचा एक गट आहे. एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण सल्ले रोज. ‘‘पहिल्या दिवशी बुफेत जातात ते अडाणी. खाली मोठी डायनिंग रूम उघडी असते आणि ते कुणाला सांगतच नाहीत! पांढरे टेबलक्लॉथ, हातात आणून देतात.’’

हातात आणून देतात, हे ऐकून मी विरघळले.

लिफ्टपाशी खुर्च्यांची आणि बाबागाड्यांची रांग. चार लिफ्ट भरून आल्या, भरून गेल्या. धडधाकट तरुण पोरं एक मजला चढायला लिफ्टमध्ये घुसत होती आणि आमच्याकडे बघून ‘सॉरी हां’ म्हणत होती. पाचव्या लिफ्टमध्ये मी खुर्ची अशी घुसवली की एका बाईच्या टाचेवर गेली. तिलाही मी सॉरी म्हटलं. मनात नव्हतं.

खाली खरंच शांतता होती. झुंबरं, पांढरी टेबलं, घड्या घातलेले रुमाल. दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला, ‘‘या मॅडम, दीडला बंद करतो, पण तुमच्यासाठी जागा आहे. आज बीफ रोस्ट आहे, बटाटे आहेत.’’ आतून त्या रोस्टचा वास आला. कांदा, मिरी, लोणी. मी देवाचे आभार मानले आणि खुर्ची ढकलली. ती हलेना.

हार्लनने डाव्या हाताने ब्रेक ओढला होता.

‘‘नको,’’ तो म्हणाला.

‘‘का नको? आवडतं ना तुला हे?’’

‘‘नको.’’

तो टेबलाकडे बघत होता. दोन काटे, दोन सुऱ्या, एक चमचा. प्रत्येक खुर्चीसमोर तसंच. शेजारच्या टेबलावरचं एक जोडपं आमच्याकडे बघून ओशाळं हसलं.

‘‘त्याला नको तर राहू दे बाई,’’ ग्लेंडा घाईने म्हणाली. इतक्या घाईने, की मी तिच्याकडे पाहिलंच. ‘‘पोहण्याच्या तलावाजवळ बर्गर देतात. मैत्रिणी म्हणतात, जहाजावरचा सगळ्यात भारी बर्गर!’’

पुन्हा लिफ्ट. आता तर दोन्ही बाजूंनी रांग. दहा मिनिटं मी उभी होते आणि त्या दहा मिनिटांत नाकातून रोस्टचा वास गेला नाही. पाय दुखत होते, कंबर दुखत होती. खरं सांगायचं तर रागही येत नव्हता. राग यायलाही जीव लागतो.

बर्गरच्या खिडकीपाशी रांगेतली माणसं दोन्ही हातांत तो एवढा मोठा पाव धरून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत खात होती. हार्लनने एकदाच पाहिलं. आमची पाळी यायच्या आत ब्रेक.

‘‘नको.’’

‘‘मी कापून देते ना,’’ मी म्हटलं.

‘‘च्यायला,’’ तो म्हणाला. मागच्या पोराने फिसकन हसून तोंड फिरवलं.

‘‘मग पिझ्झा,’’ ग्लेंडा फोनवर बोट फिरवत म्हणाली. ‘‘नाहीतर मागच्या बाजूला एक छोटं सँडविचचं दुकान आहे. नाहीतर...’’

‘‘ग्लेंडा,’’ मी म्हटलं, ‘‘आता मी जाणार बुफेत. अडाणी तर अडाणी.’’

बुफेत जत्रा होती. पिशव्या, टोप्या, रडणारी मुलं, हातात ट्रे घेऊन टेबलासाठी गिधाडासारखी घिरट्या घालणारी माणसं. खिडकीजवळ एक म्हातारं जोडपं उठलं आणि मी लाज सोडून त्यांच्या खुर्च्यांवर औषधांची पिशवी फेकली. हार्लनला टेबलाला लावलं. या वेळी त्याने ब्रेक ओढला नाही, नुसती मान खाली घातली. मी रांगेत उभी राहिले आणि भरभरून वाढून घेतलं. तळलेलं चिकन, कुस्करलेले बटाटे, त्यावर ग्रेव्ही, घेवडा, मक्याचा पाव. हार्लनसाठी मऊ मऊ दुसऱ्या ताटलीत. दोन्ही ताटल्यांतून वाफ येत होती.

मी बसले. आपली ताटली पुढे ओढली. त्याची ग्लेंडासमोर सरकवली.

‘‘घे,’’ मी म्हटलं. ‘‘छोटा घास. उजव्या गालात साठतं, म्हणून डावीकडून.’’

ग्लेंडाने चमचा उचलला, बटाटा घेतला आणि हात अर्ध्यावर थांबला. हार्लन तिच्याकडे बघत होता. तोंड घट्ट मिटलेलं.

‘‘उघड ना रे,’’ ती म्हणाली. आवाज कापला. चमचा कलंडला. बटाट्याचा गोळा टेबलावर पडला. तिने चमचा खाली ठेवला आणि एकदम उठली. ‘‘इथे काय गोंगाट आहे! सगळे बघताहेत त्याच्याकडे. नेल्डा, आपण पिझ्झाकडेच जाऊ. तिथे सावली आहे, शांत...’’

‘‘बस खाली.’’

‘‘अगं पण...’’

‘‘ग्लेंडा, बस खाली!’’ माझा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरच्या सगळ्या माना वळल्या. ‘‘तासभर तू मला या जहाजाच्या पोटातून फिरवते आहेस. वर, खाली, वर. कशासाठी? मी तुझ्याकडे हिरे मागितले का? एक जेवण मागितलं. वचन दिलंस. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी!’’

ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, आणि तिचा रंगवलेला चेहरा फाटल्यासारखा झाला.

‘‘मला नाही जमत,’’ ती म्हणाली. ‘‘खालीच कळलं होतं मला. तो ‘नको’ म्हणाला आणि मला हायसं वाटलं. त्या हार्लनच्या तोंडात चमचा घालायचा? मला गाडी चालवायला याने शिकवलं. मला नाही जमत गं.’’

‘‘आणि मला जमतं?’’ मी म्हटलं. ‘‘तुला काय वाटतं, मी याच्यासाठीच जन्मले? मलाही नाही जमत, ग्लेंडा. मी करते, एवढंच. रोज तीनदा करते आणि मला त्याचा कंटाळा आलाय.’’

बोलून गेले. त्याच्यासमोर. चौदा महिन्यांत मी हे कुणापाशी बोलले नव्हते. पाद्रीबाबांपाशी नाही, उशीपाशीसुद्धा नाही. आणि बोलले ते दोन हात अंतरावर, तो ऐकत असताना. त्याला बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं.

हार्लनने मान वर केली. डाव्या पायाने जमीन रेटली, डाव्या हाताने चाक फिरवलं आणि खुर्ची टेबलापासून मागे घेतली. माझ्याकडे न बघता तो निघाला. एका ट्रेवाल्याला धक्का लागला, एका पोराचा फुगा चाकात आला, पण तो थांबला नाही. काचेचं दार आपोआप उघडलं आणि तो उन्हात गेला.

‘‘जा ना त्याच्यामागे!’’ ग्लेंडा म्हणाली.

मी माझ्या ताटलीकडे पाहिलं. ग्रेव्हीवर साय धरायला लागली होती. मी उठले. दुसरं काय करणार होते?

तो फार लांब गेला नव्हता. तलावाच्या कडेला एक यंत्र उभं असतं, दांडा ओढला की आइस्क्रीम पडतं. ओल्या कपड्यांतली पोरं तिथे कोन घेऊन उभी होती आणि त्यांच्यामागे, पाळी धरून, हार्लन. सहा फूट दोन इंचांचा माणूस, खुर्चीला लटकलेल्या पिशव्या, डाव्या हातात रिकामा कोन.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. ‘माफ कर’ म्हणायचं मनात होतं, पण जे बोलले ते खोटं नव्हतं, मग माफी कशाची मागू? त्याची पाळी आली. त्याने कोन नळीखाली धरला आणि दांड्याकडे पाहिलं. दुसरा हात मांडीवर पडलेला. त्याने माझ्याकडे मान वळवली. मी दांडा ओढला. पांढरं आइस्क्रीम गोल गोल उतरलं, वेडंवाकडं, उंच. त्याने मान हलवली: पुरे.

मग त्याने कोन तोंडाशी नेला आणि चाटला.

चमचा नाही, काटा नाही, सुरी नाही. कापायला काही नाही, दुसऱ्या हाताची गरज नाही. हात थरथरला तर कोन नाकाला लागत होता, लागला तर लागला. भोवतालची सगळी पोरं तशीच खात होती आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्याने तासभर ‘नको’ म्हटलं त्याचा अर्थ मला आत्ता लागला. तो हेच शोधत होता, त्याला एकट्याला खाता येईल असं काहीतरी. मी गाडीत काय मागितलं ते त्याने ऐकलं होतं.

त्याची हनुवटी पांढरी झाली. माझा हात सवयीने पुढे गेला, रुमाल आधीच मुठीत होता.

‘‘नको,’’ तो म्हणाला, आणि भुवयांनी बुफेच्या दाराकडे खूण केली.

आत गेले तर माझी ताटली उचलून नेलेली. इथे पाठ फिरली की टेबल साफ. मी पुन्हा रांगेत उभी राहिले, पुन्हा तेच वाढून घेतलं, ग्रेव्ही थोडी जास्तच. ग्लेंडा तिथेच बसली होती, डोळ्यांचं काजळ पसरलेलं. ‘‘तूही वाढून घे,’’ मी म्हटलं, ‘‘आणि बाहेर ये.’’ ती आली, सँडविच घेऊन, आणि हार्लनला बघून तोंड उघडलं. ‘‘जेवायच्या जागी आइस्क्रीम? डॉक्टर काय म्हणतील?’’

‘‘च्यायला,’’ हार्लन म्हणाला. ती खाली बसून सँडविच खायला लागली.

मी तलावाच्या कडेच्या टेबलावर त्याच्यासमोर बसले. पहिल्या घासाला जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं, पोळल्यामुळे आलं असं मी म्हणेन. मग दुसरा घास, तिसरा. चिकनचं कातडं कुरकुरीत होतं, बटाट्यात लोणी होतं, आणि मी चोरून खावं तशी भराभर खात होते. कुणीतरी हाक मारील, काहीतरी सांडेल, पाणी हवं असेल. कुणीच हाक मारली नाही. हळूहळू माझा वेग कमी झाला. हाडं स्वच्छ केली, पावाने ग्रेव्ही पुसून घेतली. एवढ्या वेळात मी एकदाही मान वर केली नाही. त्याच्या तोंडाला काय लागलंय, हे चौदा महिन्यांत पहिल्यांदाच मला माहीत नव्हतं.