सतरा मिलिमीटरचा डोळा

लिंबायतच्या लूमखात्यात मागावरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, बदलला, की जुन्या ताण्याला नवा ताणा जोडायला सरलाबाईलाच हाक जायची. हजारो तार आणि एकेकाला केसाएवढी गाठ. जाड भिंगांआडचे तिचे डोळे जन्मापासूनच इवलेसे. गाठी मारता मारता ती त्या डोळ्यांवरच ओवी जोडायची:

बारीक माझा डोळा, बाई, तिळाएवढी वाटी
त्यात मावली गं सारी, लेकी-सुनांची दाटी

आता त्या वाटीत मोतीबिंदू साकळला होता. आणि वाटी एकच उरली होती. डावा डोळा सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढतानाच गेला. तेव्हा त्याची लांबी कुणी मोजलीच नव्हती.

“मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे तेवीस मिलिमीटर असतो. तुमचा सतरा,” डॉक्टर महेशभाई म्हणाले. “आत जागाच नाही. उघडताना दाब एकदम पडला, तर मागे रक्त साचतं, आतलं सगळं बाहेर ढकलतं.”

“मंग या डोयाचं तसंच नहीं होणार कशावरून?”

सून वर्षा ओशाळली. “आत्याबाई, डॉक्टरांना असं विचारतात का?”

“मना डोया शे. मी नहीं तर कोण इचारी?”

डॉक्टर हसले. “विचाराच. आधी सलाइनमधून औषध देऊन दाब उतरवू. लागलंच तर पांढऱ्या भागात बारीक खिडक्या करू, मागचं पाणी निघायला. जास्त नंबरचं भिंग मागवलंय. पडद्याचे डॉक्टर शेजारी उभे राहतील. तरी धोका उरतोच.”

सरलाबाईने दोन बोटांची कात्री हवेत चालवली. “म्हणजे ताण आधी ढिला, मग कात्री. ताणलेल्या ताण्याला कात्री लावली, की तार उडून जातात. हे पटलं. करा.”

ऑपरेशनच्या दिवशी सलाइन संपली. “बा, बाथरूम जई आव्या?” बाथरूमला जाऊन आलात का, असं नर्सने गुजरातीत विचारलं. सरलाबाईने ‘हो’ म्हणून मान हलवली. ती गेली नव्हती. बाथरूमपुढे चार पुरुष उभे होते. आणि खात्यात बायांसाठी संडासच नाही, त्यामुळे बावीस वर्षं ती कामाची पाळी सुटेपर्यंत दाबूनच धरत आली होती. अर्ध्या तासाचं काय एवढं!

पण ते औषध अंगातलं पाणी खाली ओढत होतं. टेबलावर, तोंडावर कापड घेऊन, तिने दात आवळले, श्वास कोंडला.

“बा, अंग सैल सोडा. दाब पुन्हा चढतोय,” डॉक्टर म्हणाले.

ताण आधी ढिला. तिचेच शब्द तिच्यापुढे उभे राहिले.

“थांब भाऊ! मी खोटं बोलली. माले लघवीले जानं शे!”

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. “आत्ता बोललात ते बरं. चीर दिल्यावर बोलला असतात, तर…”

ती जाऊन आली. दाब मोजला, उतरला होता. मगच चीर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. वर्षा पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. सरलाबाई तिच्याकडे बघत राहिली.

“तुना खांद्यावर धागा शे,” ती म्हणाली. “निळा.”

वर्षाने खांदा झटकला आणि तिला हुंदका फुटला.

“रडतीस काय? खात्यातल्या बायांना निरोप दे. कामावर आली, की पहिली शेठकडे जाणार मी. त्याला सांगणार, आधी आमचा संडास, मग तुझ्या गाठी.”