तीन वाजताचं पाणी

आक्काच्या स्वयंपाकघरात गळती होती, आणि ती आक्काशिवाय कुणालाच दिसत नव्हती.

वरच्या मजल्यावर जिजी राहायची. तिच्या सिंकचा पाइप आक्काच्या छताखालून, कोपऱ्यातून जायचा. दुपारी तीनच्या सुमाराला त्याच्या सांध्यातून थेंब पडायला लागायचे. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास, आणि कधी चार-चार दिवस काहीच नाही. प्लंबर दोनदा येऊन गेला. वरचा नळ पूर्ण सोडून, खाली येऊन मान वर करून उभा राहिला.

"आजी, कोरडा ठणठणीत. माझ्यापेक्षा या पाइपची तब्येत बरी आहे."

डाग तरी दिसला असता, पण फरशीवरचं पाणी आक्काला सहनच व्हायचं नाही. थेंब पडला की पुसलाच. स्टुलावर चढून पाइपसुद्धा कोरडा करायची.

"चोर पळाला की त्याच्या पावलांवरून तूच फडकं फिरवतेस," मुलगा म्हणायचा. आधी हसून म्हणायचा. मग एकदा तिने एकाच दिवशी दोनदा फोन करून त्याला तेच सांगितलं, एकदा किल्ली दाराला बाहेरूनच राहिली, आणि त्याचं हसणं बंद झालं.

"रविवारी प्लंबरला शेवटचं आणतो. काही निघालं नाही तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं, आई. एकटीने राहणं पुरे झालं."

चाळीस वर्षांचं घर. पाइपकडे बघता बघता आक्कालाच वाटायला लागलं, खरंच पडतं ना पाणी? की माझ्या डोक्यातच कुठेतरी गळतंय?

पूर्वी हा पाइप लोखंडी होता. नवरे कामावर, पोरं शाळेत, अशा वेळी तीन वाजले की जिजी वरून त्याच्यावर पळीने तीन ठोके द्यायची. चहा झाला, ये. हातातलं काम टाकून आक्का जिना चढायची. पुढे लोखंड जाऊन प्लास्टिक आलं, ठोके खाली पोचेनासे झाले. मग गुडघेही गेले. वर जाऊन तीन वर्षं झाली असतील.

शुक्रवारी थेंब पडायला लागले तेव्हा फडकं दोरीवर वाळत होतं. आक्काने नुसताच हात पुढे केला. थेंब तळव्यावर पडला आणि ती दचकली. कोमट होता.

इतके महिने पुसत आली, पण हातावर कधी घेतला नव्हता. बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण गरम पाण्याखाली धरलं की सैल होतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. आणि तो शहाणा प्लंबर गार पाणी सोडून बघत बसला होता!

कठडा धरून, पायरी-पायरीला थांबत ती वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. जिजी गॅसपाशी उभी होती. पातेल्यात पाणी खळखळत होतं.

"आलीस? बस. चहा ठेवलाय."

जिजीने पातेल्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग फडक्याने पातेलं उचललं, उकळतं पाणी सिंकमध्ये ओतलं, नळाखाली पुन्हा भरलं आणि गॅसवर ठेवलं.

"अगं, ओतलंस का?"

"काय?"

"पाणी."

"कुठलं?" जिजी म्हणाली. "बस तू. चहा ठेवलाय."

तिसऱ्यांदा ओतल्यावर आक्काने उठून गॅस बंद केला. ओट्याखाली, डब्यांच्या मागे एक पातेलं होतं, तळ जळून भोक पडलेलं. आक्काची नजर तिकडे गेलेली जिजीने पाहिली. तिने पायाने डबा पुढे सरकवला आणि एकदम पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "सूनबाईला सांगू नकोस हं. माझी शप्पथ."

रविवारी मुलगा आला, प्लंबर आला. वर जिजीची सून नळ सोडून उभी राहिली. अर्धा तास गेला. पाइप कोरडा. प्लंबर हत्यारं पिशवीत भरू लागला. मुलगा आईकडे बघेना. त्याने माळ्यावरची सूटकेस खाली काढली, झटकली.

आक्काला ते जळकं पातेलं दिसत होतं. आणि ही सूटकेसही दिसत होती.

"गरम ओता," ती म्हणाली.

"अं?"

"उकळतं पाणी ओतायला सांगा वरून."

दोन पातेली ओतली तेव्हा सांध्याखाली एक थेंब फुगला, थरथरला आणि पडला. मग दुसरा. प्लंबर स्टुलावर चढला. "च्यायला! पाइप भिंतीला धरून ठेवणारी पकड तुटली आहे इथली. गरमीने पाइप लांबतो, खाली वाकतो, सांधा तोंड उघडतो. गार झाला की बंद. मानलं आजी तुम्हाला." आणि मग त्याने जिन्यात जाऊन वर हाक मारली, "ताई, रोज दुपारी एवढं उकळतं पाणी ओततं कोण?"

"कुणी नाही," वरून सून म्हणाली. "दुपारी घरात सासूबाई एकट्याच..."

आणि तिची पावलं घाईने आत वळली.

मुलाने सूटकेस परत माळ्यावर ठेवली. "चुकलं माझं, आई," म्हणाला. आक्काने मान हलवली. आपण बोललो ते जिजीच्या गॅससाठी, की आपल्या या चार भिंतींसाठी, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कधी सांगता आलं नाही.

महिन्याभरात जिजीला परगावी लेकीकडे न्यायचं ठरलं. निघताना जिन्यात आक्काच्या दाराशी ती थांबली. लेकीने दंड धरला होता. जिजीने दुसऱ्या हाताने आक्काचा हात घट्ट पकडला.

"तुझी गळती थांबली का गं?"

"थांबली," आक्का म्हणाली.

"बरं झालं बाई. पडायचीस एखाद्या दिवशी घसरून."

आणि जपून, एकेक पायरी चाचपत, जिजी खाली उतरू लागली.