मागची सीट तपासली

वांडा ह्रुबीने एकतीस वर्षं हेझलटनच्या शाळेची बस चालवली. बस सुटली, पण बसची खोड काही सुटली नाही. लेकीची गाडी चालवतानासुद्धा ती प्रत्येक फेरी वहीत लिहायची: तारीख, निघतानाचा मैलांचा काटा, पोचल्याचा काटा, जाताना प्रवासी किती, येताना किती. आरशाखाली तिने दुसरा छोटा आरसा चिकटवला होता, मागच्या सीटवर रोखलेला. मागच्या हिवाळ्यात वांडा गेली. आरसा तसाच राहिला, आणि तिची लेक लेनोरा गाडी चालवताना त्यात बघायचं टाळू लागली. मागे कुणीतरी बसलंय, असं तिला सारखं वाटायचं.

लेनोराला लहानपणी सगळ्यांनी मुलगा म्हणून वाढवलं. चाळिशीत शस्त्रक्रिया झाली तेव्हा गाव म्हणालं, ह्रुबीचा मुलगा बाई झाला. लेनोराचं म्हणणं, बाई आधीपासूनच होते, कागद तेवढे उशिरा आले. शस्त्रक्रियेचा खर्च तिने उपचार म्हणून उत्पन्नातून वजा दाखवला, इस्पितळाच्या फेऱ्यांच्या मैलांसकट. मैलांची बेरीज वांडानेच करून दिली होती. आता कर खात्याचं पत्र आलं होतं: शस्त्रक्रिया उपचाराची होती की नुसती दिसण्यासाठी, आणि मैल खरे का, दोन्हींचे पुरावे शुक्रवारपर्यंत द्या. नाही पटलं, तर गाडी विकून कर भरावा लागणार होता.

लोकांची करपत्रकं भरून देणारी ड्यूला लाँड्रीशेजारच्या खोलीत बसायची. तिने डॉक्टरांची चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली. "हे पक्कं आहे. दिसण्यासाठीच करायचं असतं तर आधी केसांचं काही केलं असतंस."

"तुझ्या न्हाव्याकडे जाऊ का?"

ड्यूला हसली आणि वही चाळू लागली. मग तिचं बोट थांबलं. "लेनोरा, तुझी आई मैल चोरणारी होती?"

"आई? वाटेत नाणं सापडलं तरी चर्चच्या पेटीत टाकायची."

"मग हे बघ. शस्त्रक्रिया मार्चमध्ये. तपासण्या जूनमध्ये संपल्या. आणि ऑक्टोबरात तीन गुरुवार पुन्हा फिलाडेल्फिया, तेच इस्पितळ. जाताना प्रवासी एक. तू होतीस?"

"नाही गं. गुरुवारी मी दुकानात असते, चष्म्याची भिंगं घासत. आईच सकाळी सोडायची, संध्याकाळी न्यायला यायची."

"मग गाडीत कोण होतं?"

लेनोराने वही जवळ ओढली. पहिल्या दोन गुरुवारी जाताना एक, येताना एक. तिसऱ्या गुरुवारी जाताना एक, येताना शून्य. आणि खाली, बसच्या प्रत्येक फेरीनंतर लिहायची ती ओळ, एखादं पोर झोपून राहू नये म्हणून मागपर्यंत चालत जाऊन मग लिहायची: मागची सीट तपासली. रिकामी.

लेनोराने तारीख पुन्हा वाचली.

तो गुरुवार तिला आठवत होता. शस्त्रक्रियेनंतर सात महिने वांडाने तिला औषधं दिली, सूप दिलं, उशा सरळ केल्या, पण नावाने हाक मारली नव्हती. जुन्या नाही, नव्याही नाही. त्या संध्याकाळी मात्र दुकानाच्या दारात उभी राहून ती ओरडली होती, "लेनोरा, चल लवकर, पिरोगी गार होतायत!" आईला अखेर समजलं, म्हणून लेनोरा घरी पोचल्यावर न्हाणीघरात जाऊन रडली होती. आईने त्या दिवशी कुणाला कुठे पोचवलं, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"ही पानं वगळून बाकीच्या प्रती पाठवू," ड्यूला हळूच म्हणाली.

"काटा बोलेल ना. मधले सहाशे मैल कुठे गेले म्हणतील. मग डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा खोटी वाटेल त्यांना."

"मग तुझ्या हाताने लिहून दे. एवढे मैल जातील, बाकी सगळं वाचेल."

लेनोराने पेन घेतलं. पहिल्या फेरीपुढे लिहिलं: रुग्ण गाडीत नव्हती. दुसऱ्या फेरीपुढे तेच. तिसरीपाशी पेन थबकलं. आईने आपल्या मुलाचा 'एक' किती नीट काढला होता, शाळेच्या पोरांचा काढायची तसा.

"लेनोरा?"

"लिहिते." तिने लिहिलं, सही केली.

पाकीट टपालपेटीत टाकून ती गाडीपाशी आली. आत बसली आणि पहिल्यांदाच छोट्या आरशात बघितलं. सीट दिसली, तिच्यावर ऊन दिसलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. वांडाची लेक ती. आरशावर विसंबून भागत नाही, हे तिला माहीत होतं. उतरून तिने मागचं दार उघडलं, गुडघे टेकले, सीटखाली हात घालून कोपऱ्यापर्यंत फिरवला.

"रिकामी," ती मोठ्याने म्हणाली.

आणि दार लावलं, आतल्याची झोप मोडू नये इतक्या हलक्या हाताने.